पोचल्याचे दोन टोले

सोमवारी संध्याकाळी ओट्यावरचा फोन एकदा थरथरला आणि वैजयंताचा हात कुकरच्या शिट्टीवरून सुटला. ही थरथर तिला भर बाजारातही कळायची. पुण्याहून पंचशीलाचा मेसेज. ऑफिसातून खोलीवर गेली की पोरगी एकच शब्द पाठवायची, ‘पोचले’. आज शब्द जास्त होते. ‘आई, आजपासून मी रोज पोचले पाठवणार नाही. रागाने लिहीत नाहीये. काही झालं तर कळवेनच. नाही कळवलं तर पोचले असेन.’ वैजयंताने उभ्याउभ्या वाचलं, गॅस बारीक केला, पुन्हा वाचलं. राग नव्हता, खरंच नव्हता. फक्त तो शेवटचा ‘असेन’ तिला खटकला. या घरात असेन-असेलला किंमत नव्हती. या घरात माणूस पोचलेला तरी असायचा, नाहीतर वाटेत.

“आला का गं?” बाहेरच्या खोलीतून अण्णांनी विचारलं.

“काय?”

“पोरीचा.”

आला म्हणाली असती तरी ते खोटं नव्हतं. मेसेज आलाच होता. पण तिच्या तोंडून निघालं, “नाही अजून,” आणि तिने फोन पालथा घातला, जसं उघडं दूध झाकावं तसा.

अण्णा म्हणजे तिचे वडील, सीताराम. रेल्वेतून निवृत्त झालेले पॅटमन, म्हणजे सांधे बदलणारे, झेंडी दाखवणारे, सिग्नलच्या खांबावर चढून दिवे लावणारे. वैजयंताचा नवरा गेल्यावर ते मिरा रोडला, शांती नगरच्या या दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा एका पिशवीत कपडे होते आणि दुसऱ्या, जड पिशवीत रुळाचा वीतभर तुकडा. सगळ्यांच्या खिडक्यांना बाहेर लोखंडी जाळीचा पिंजरा असतो, तसा यांच्याही. लोकांच्या पिंजऱ्यात कुंड्या असतात, कुणाची मोडकी सायकल असते. यांच्या पिंजऱ्यात तारेने टांगलेला तो तुकडा, आणि जाळीवर ठेवलेला एक जाडजूड बोल्ट. पंचशीलाचा मेसेज आला की वैजयंता म्हणायची, “अण्णा, पोचली.” अण्णा उठायचे, कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवायचे (अनवाणी त्यांनी कधी घंटा वाजवली नाही) आणि बोल्टने दोन टोले द्यायचे. मग ताटं वाढली जायची. समोरच्या दारातले मितेशभाई, त्यांचं फरसाणाचं दुकान, त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, “काका, ये मंदिर चालू किया क्या?” आता त्यांची बायको त्याच टोल्यांवर डाळ उतरवते म्हणे.

अण्णा नोकरीला होते त्या स्टेशनाचं नाव कवठाळी रोड. नावात रोड असलं की समजून घ्यायचं, गाव लांब आहे. अण्णा पहिल्यांदा मिरा रोडला उतरले तेव्हा पाटी वाचून म्हणाले होते, “हितंबी गाव लांबच असंल.” कवठाळी गाव स्टेशनापासून दोन कोस. कापूस न्यायला निजामाच्या काळात टाकलेली ती लाइन, जंक्शनपासून फुटून एकाच दिशेला जाऊन संपणारी. गावाने काळी जमीन द्यायला नकार दिला आणि स्टेशन माळावर आलं. माळावर आधी काहीच नव्हतं, कुसळं आणि वारा. मग दगडी खोली झाली, कुणीतरी लिंब लावला, इंजिनाच्या पाण्यासाठी उंच टाकी आली आणि टाकीला खाली एक पितळी नळ. त्या नळाची गोष्ट वैजयंताची आई फार रंगवून सांगायची. गावच्या विहिरीवर त्यांच्या घागरीला जागा नव्हती. नळाला मात्र जात नव्हती. पीळ दिला की पाणी. महारवाड्यातल्या बाया दोन कोस घागरी घेऊन स्टेशनावर यायच्या आणि गाडी बघायला आलोय म्हणायच्या. गावातली मोठी माणसं अण्णांच्या हातचं पाणी घेत नसत, पण अण्णांच्या हातातली हिरवी झेंडी हलल्याशिवाय त्यांना जागचं हलता येत नसे. तहान लागली की तीही इकडेतिकडे बघून त्याच नळाखाली ओंजळ धरायची. आई हसायची, “पानी पिताना डोळं मिटून घ्यायची, मांजरावानी.”

एकच रूळ होता. जायलाही तोच, यायलाही तोच. म्हणून आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, वाट मोकळी आहे का. त्याने हो म्हटलं की यंत्रातून लोखंडी गोळा सुटायचा. तो गोळा वेताच्या कडीत अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, मग गाडी. ती पलीकडे पोचली की तिथला माणूस गोळा त्याच्या यंत्रात टाकणार, इकडे टिणटिण होणार. ती टिणटिण होईस्तोवर या वाटेवर दुसरं काही सोडायचं नाही, काहीही झालं तरी नाही. हे सगळीकडेच असतं. कवठाळी रोडचं वेगळं एवढंच, की आतली टिणटिण ऐकून अण्णा बाहेर यायचे आणि टांगलेल्या रुळावर दोन टोले द्यायचे. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. लेकीला सासरी धाडायला आलेली, लेकाला कामाला लावायला आलेली माणसं लिंबाखाली बसून राहायची, म्हणून हे टोले. गाडीला अजून किती तरी जायचं असे, माणसाला त्याहून लांब. पण पुढच्या स्टेशनात पोचली म्हणजे पोचली, असं त्या माळावर सर्वांनी धरून चाललं होतं. दोन टोले झाले की बाया पदर झटकून उठायच्या, गडी टोप्या घालायचे, कुणी भाकरी सोडायचं. टोल्यांआधी उठणं अशुभ. आईने यावर जात्यावर ओवी रचली होती, पुढे जंक्शनच्या क्वार्टरमध्ये जातं उरलं नाही तरी भांडी घासताना म्हणायची:

गेली गेली आगगाडी, धूर राहिला माळाला
दोन टोल्यांची गं वाट, माझ्या बसल्या जिवाला

सोमवारी अण्णा जेवले, पण उशिरा. वैजयंताने त्यांना इन्सुलिन टोचलं आणि मग म्हणावं लागलं, “जेवून घ्या, अण्णा. औषध घेतलंय.” ते जेवले, खाली मान घालून, आणि हात धुऊन आल्यावर तिच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. ती नंतर कट्ट्याशी उभ्याने दोन घास ढकलत होती आणि मनात पंचशीलाशी भांडत होती. बघ, तुझ्यामुळे म्हातारा माणूस. बघ.

मंगळवारी लॅबमध्ये काउंटरवर ती दिवसभर लोकांना सांगत होती, रिपोर्ट संध्याकाळी येईल, आला की फोन करू, काळजी करू नका. लोक मान डोलावून निघून जात होते. कसे जातात, तिला नवल वाटलं. रक्त देऊन, नळीवर आपलं नाव चिकटवून, काय निघेल ते माहीत नसताना हे लोक बाहेर जाऊन वडापाव खातात. जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून फोन लावला.

“आई, मीटिंग आहे, पटकन.”

“आजोबा जेवत नाहीत.”

“आई, प्लीज.”

“अगं, घंटा वाजल्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. माहितीय ना तुला?”

“मग वाजवू दे ना. सांग त्यांना पोचली म्हणून.”

“खोटं? घंटेचं खोटं सांगू अण्णांना?”

पंचशीलाच्या मागे कुणीतरी हसत होतं, लिफ्टचं दार वाजलं. “आई, गेल्या महिन्यात माझा फोन बंद पडला तर तू घरमालकिणीला फोन करून कुलूप उघडायला लावलंस. मी आत झोपले होते. चार पोरी दारात, आणि ती बाई चावी घेऊन. अजून हसतात सगळ्या मला. मी पोचते गं. रोज पोचते. मी काय गाडी आहे का, रिपोर्ट द्यायला?”

वैजयंताने जिन्याचा कठडा धरला. हे वाक्य पंचशीलाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीचं होतं ते. रक्तात काय काय वाहत येतं कुणास ठाऊक. नळीत भरून तपासलं तरी ते दिसायचं नाही.

कवठाळी रोडहून शेवटची गाडी सुटली तो भीमजयंतीचा दुसरा दिवस होता. जंक्शनपर्यंत रुंद लाइन आली होती आणि फाट्याची लाइन रुंद न करता बंद करायची असं वर कुठेतरी ठरलं होतं. शेवटच्या गाडीला कवठाळीहून लोक आले, ज्यांनी कधी तिकीट काढलं नव्हतं तेही. इंजिनाला केळीचे खुंट बांधले, जयंतीतल्या निळ्या पताका उरल्या होत्या त्याही लागल्या. डब्यात चढला वैजयंताचा भाऊ उत्तम, अंगावर नवा शर्ट, मुंबईला काम बघायला. वैजयंता तेव्हा बारावीला. अण्णा डब्याशी येऊन म्हणाले, “जंक्शनला उतरलास की मास्तरकडं सांग, ते कळवतेत. मुंबईला पोचलास की कार्ड टाक.” उत्तम सगळ्या लोकांदेखत मोठ्याने म्हणाला, “मी काय गाडीये का, अण्णा, पोचलो पोचलो करायला?” लोक हसले. अण्णाही हसले. ते हसले हे आई पुढे कधी विसरली नाही.

गाडी गेली. धूर माळावर रेंगाळला आणि लोक लिंबाखाली बसले. आतली टिणटिण व्हायची वेळ आली, गेली. पुढच्या स्टेशनातले लोक हारतुऱ्यांत विसरले, की कुणी घाईने आधीच तार तोडली, ते कधीच कळलं नाही. अण्णा यंत्रासमोर उभेच. सावल्या लांबल्या. मास्तर बाहेर आले. तेही कंटाळले होते, त्यांना सामान बांधायचं होतं. “सीताराम, वाजव. पोचली असेल.” अण्णांनी सांगितलं, “असेल म्हनून घंटा वाजत न्हाई, साहेब.” मास्तर म्हणाले, “अरे, आता याच्यामागे कोणती गाडी सोडायची आहे तुला?” ते खरंच होतं. मागे काहीच यायचं नव्हतं. तरी अण्णांनी बोल्टला हात लावला नाही. मग लोक एकेक करून उठले, टोल्यांशिवाय, एकमेकांकडे न बघता, जसं मातीला जाऊन परततात तसे. आई बसून राहिली. दिवे लावायचे नव्हते म्हणून त्या दिवशी अंधार लवकर झाला.

कार्ड आलं नाही. अण्णांची बदली जंक्शनला झाली. जाताना त्यांनी तो तुकडा तारेवरून उतरवला, कुणी अडवलं नाही. क्वार्टरमध्ये तो खाटेखाली पडून असायचा आणि आईला केर काढताना दर वेळी लागायचा. दर वेळी ती म्हणायची, “येवढे दोन टोले दिले असते तर पोचलं असतं माझं लेकरू.” काही वर्षांनी गावच्या कुणीतरी सांगितलं, उत्तम भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहे. अण्णा सुट्टी टाकून गेले, गल्ल्यागल्ल्यांतून विचारत फिरले. पत्र्याच्या शेडमधून चमचमणाऱ्या धुळीने तोंड काळं झालेली पोरं बाहेर यायची आणि म्हणायची, होता, गेला, गुजरातकडे गेला बहुतेक. अण्णा परत येऊन म्हणाले, “म्हंजे मुंबईला पोचलावता.” आई म्हणाली, “मग वाजवा आता.” अण्णा म्हणाले, “ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं न्हाई.” आई गेली तेव्हा हे भांडण तसंच राहिलं होतं.

मिरा रोडचं स्थळ आलं तेव्हा अण्णांनी फार चौकशी केली नाही. भाईंदरला लागून आहे ना, एवढंच विचारलं. वैजयंताही मग माना बघायला शिकली. गर्दीत लोक चेहरे बघतात, ती मागून मान बघायची. उत्तमच्या मानेवर डाव्या बाजूला भाजल्याचा डाग होता. पंचशीला लहान असताना एकदा तिला तसली मान उत्तनच्या बसमध्ये दिसली. ती पोरीला कडेवर घेऊन चढली, तारोडीच्या कोळीवाड्याशी त्याच्यामागे उतरली, वाळत घातलेल्या मासळीमधून चालत गेली. माणूस वळला. कोळी होता कुणी, डाग नव्हे, तीळ होता. “कोन पायजे, बाय?” त्याने विचारलं. “कोनी न्हाय,” ती त्याच्याच बोलीत बोलून गेली, आणि त्याने पोरीच्या हातात एक कलिंगडाची फोड दिली. ती फोड खात पंचशीला परतीच्या बसमध्ये झोपली. त्या संध्याकाळी वैजयंताने नवऱ्याला सांगितलं, पोरगी शाळेत जायला लागली की बाईंना सांगून ठेवायचं, वर्गात पोचली की शिपायाकरवी निरोप द्या. नवरा म्हणाला होता, “अगं, शाळा इथे समोर आहे. खिडकीतून दिसते.”

मंगळवारीही टोले झाले नाहीत. बुधवारी सकाळी जिन्यात मितेशभाई भेटले.

“भाभी, काका की तबियत ठीक है ना? दो दिन से घंटा नहीं बजा.”

“ठीक है. बेबी का नेटवर्क का प्रॉब्लेम है.”

“अच्छा, अच्छा. मिसेस बोलती है, डाल कच्ची रह जाती है,” ते हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, “पहुँच तो जाती है ना, बेबी?”

“पहुँचती होगी,” ती म्हणाली, आणि आपणच दचकली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशी बसले होते. पंख्याच्या वाऱ्याने रुळाचा तुकडा हलत नव्हता, तो कशानेच हलत नसे. तिने इन्सुलिन दिलं. भात लावला. फोन कट्ट्यावर उताणा ठेवला, मग उचलून पदराखाली घेतला, मग पुन्हा ठेवला. पुण्यात या वेळी अंधार पडला असेल. बस मिळाली असेल. रस्त्याच्या कडेने चालत असेल, कानात ते यंत्र घालून, मागून गाडी आली तर ऐकू येणार नाही. फोन लावावा का? लावला तर उचलेल, आणि उचलून जे बोलेल ते पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. घरमालकिणीचा नंबर तिने अजून पुसला नव्हता.

“जेवा, अण्णा. तिच्या नादात तुमची शुगर खाली जाईल.”

“आन तू?”

“मी बसते नंतर.”

“बस की आत्ता.”

“तुम्हाला तिच्या घंटेशिवाय घास जात नाही, मला माहितीय. मी सांगितलंय तिला.”

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू काढल्यावरची ती निळसर, धुतलेली चमक होती. “मला जात न्हाई? मी जेवलो की दोनी दिवस. ताट कोन वाढून घेत न्हाई? सोमवारपसून उभ्यानं खायलीस. मला काय दिसत न्हाई व्हय?”

ती आत आली. आमटीला उकळी आली होती, तिने ती खाली उतरवली, पुन्हा वर ठेवली. खरंच, सोमवारी ते जेवले होते. कालही. पोरगी पुण्याला गेली त्या पहिल्या संध्याकाळी खाटेखालचा तुकडा कुणी बाहेर काढला होता? तिनेच. तार कुणी आणली, हार्डवेअरच्या दुकानातून? तिने. अण्णा फक्त म्हणाले होते, “हितं कामून? शेजारीपाजारी हायेत.” आणि तिने टांगल्यावर मात्र चप्पल घालून आले होते. लिंबाखाली आई बसली होती ना, सगळे उठून गेल्यावर, गुडघ्याभोवती हात बांधून. वैजयंताने आपल्या हातांकडे बघितलं. ते पोटाशी बांधलेले होते. किती वेळ ती तशी उभी होती कुणास ठाऊक. आमटी आटून घट्ट झाली.

बाहेर चप्पल सरकवल्याचा आवाज झाला.

मग दोन टोले. सावकाश, एकामागून एक, पहिल्याचा घुमारा विरेपर्यंत दुसरा थांबलेला.

ती धावत बाहेर आली. धावताना फोन हातात घेतला, बघितला. कोरा. “अण्णा, आला? तुम्हाला फोन केला का तिनं?”

“पोचली,” अण्णा म्हणाले. त्यांची तिच्याकडे पाठ होती, हात जाळीतून बाहेर, बोल्ट अजून मुठीत.

“कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई.”

खाली रस्त्यावर रिक्षा वळत होत्या, समोरच्या बिल्डिंगीत कुणाच्या तरी टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. अण्णा बोल्ट जाळीवर ठेवतील असं तिला वाटलं. त्यांनी ठेवला नाही. मूठ सैल केली, पुन्हा आवळली. खांदे एकदा वर गेले, जसे ते झेंडी उचलताना जात असत, आणि त्यांनी आणखी दोन टोले दिले. हे जोरात होते. माळावर दूरवर बसलेल्या माणसालाही ऐकू जावेत इतके. जाळी थरथरली, पलीकडच्या पिंजऱ्यातलं कबूतर उडालं. वैजयंताने भिंतीला हात लावला. भिंतीतही तो घुमारा होता, आणि मग नव्हता.

दारावर टकटक झाली. मितेशभाई, हातात अर्धी चपाती. “काका! पहुँच गई ना बेबी? चलो, अच्छा हुआ.” ते वळले, थबकले. “पर आज दो बार बजाया?”

अण्णांनी बोल्ट जागेवर ठेवला आणि हात धोतराला पुसले.

“एक गाडी लेट थी,” ते म्हणाले.

मितेशभाई हसले, दार लोटून गेले. अण्णांनी चप्पल काढून कोपऱ्यात जोडीने लावली, पाटावर बसले आणि समोरची जागा हाताने झाडली. वैजयंताने दोन ताटं आणली. फोन आत कट्ट्यावरच राहिला.